पानाचा व्यवहार

पौड सोडून मुळशी धरणाच्या कडेकडेने ताम्हिणीकडे निघालं की रस्त्यालगतच्या पाट्यांवर हल्ली ऑक्सिजन विकायला ठेवलेला दिसतो. चुलीवरची भाकरी, गावरान कोंबडी आणि त्याच ओळीत शुद्ध ऑक्सिजन. अशी एक पाटी ज्यांच्या दारात आहे ते गृहस्थ एसटीत वाहक होते. निवृत्तीनंतर त्यांनी भातशेतीला चार खोल्यांच्या कृषी पर्यटनाची जोड दिली. त्यांची भाची पुण्यात वनस्पतिशास्त्र शिकवते. आवणी उरकल्यानंतरच्या पावसात, पडवीत बसून या दोघांचा जो वाद झाला, तो मी आठवला तसा उतरवला आहे. मध्ये मध्ये मी नाक खुपसलं आहे, त्याला इलाज नाही.

भाची: मामा, ती पाटी काढा. ‘चोवीस तास ऑक्सिजन’ म्हणे! कुठलंही झाड चोवीस तास ऑक्सिजन देत नाही.

मामा: आमचा पिंपळ देतो. मोबाइलवर रोज येतंय.

भाची: उजेड आहे तोवर देतो. दिवस मावळला की पिंपळही तुमच्या-माझ्यासारखा ऑक्सिजन घेतो आणि कार्बन डायऑक्साइड सोडतो. झाडाचा ऑक्सिजन येतो पाण्याचा रेणू फोडून, आणि तो फोडायला प्रकाश लागतो. यान इंगेनहाउझने १७७९ सालीच दाखवून दिलं होतं की हवा सुधारण्याचं काम झाडाचे हिरवे भागच करतात आणि तेही उजेडातच.

मामा: म्हणजे तुझी पणजी बरोबर होती. रात्री पिंपळाखाली झोपू नका म्हणायची.

भाची: ती मुंज्याच्या भीतीने म्हणायची.

मामा: पूर्वी मुंजा होता म्हणून झोपायचं नाही, आता ऑक्सिजन आहे म्हणून गाद्या टाकायच्या. पिंपळ तोच आहे, गिऱ्हाईक बदललं.

भाची: दोन्ही कारणं कच्ची. उघड्यावर झाडाने रात्री सोडलेला वायू साठून राहत नाही, वाऱ्यावर पांगतो. खुशाल झोपा, पण ऑक्सिजन मिळेल म्हणून झोपू नका. आता तुमच्या त्या मोबाइलवरच्या बातमीत सत्याचा एक कण आहे, तो सांगते. काही झाडं आपला कारभार रात्री करतात. अंगणातली पानफुटी बघा, किंवा बांधावरचं घायपात. दिवसा पानाची छिद्रं बंद, रात्री उघडी. रात्री कार्बन डायऑक्साइड आत घ्यायचा, आम्लाच्या रूपात साठवायचा आणि दिवसा दारं लावून त्याची साखर करायची. पानफुटीचं पान पहाटे चघळून बघा, आंबट लागेल. दुपारी तो आंबटपणा गेलेला असतो.

मामा: हे कोणी चघळून बघितलं?

भाची: बेंजामिन हाइन नावाच्या माणसाने. मद्रास इलाख्यात कंपनी सरकारच्या नोकरीत होता. त्याने लंडनच्या लिनियन सोसायटीला तसं पत्र लिहिलं, ते १८१५ मध्ये छापून आलं. ही सगळी भानगड त्याच्या जिभेवर पहिल्यांदा नोंदली गेली, तीही आपल्याच देशात. पण मामा, पानफुटीसुद्धा ऑक्सिजन दिवसाच तयार करते. रात्री घेते तो कार्बन डायऑक्साइड.

(वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात या पानाचं वर्णन आम्लांच्या नावांनी आणि आलेखांनी भरलेलं असतं. एक माणूस सकाळ-दुपार-संध्याकाळ पान चावत हिंडला, हे त्यात कुठे तरी तळटीपेत सापडतं. मला विचाराल तर धडा त्याच्यापासूनच सुरू व्हायला हवा.)

मामा: बरं, ही छिद्रं म्हणजे नेमकं काय? मला तर पान गुळगुळीत दिसतं.

भाची: पानाच्या खालच्या बाजूला, एका चौरस मिलिमीटरमध्ये शंभर ते तीनशे पर्णरंध्रं असतात. एकेक रंध्र लांबीला मिलिमीटरचा पन्नासावा भाग वगैरे. दोन्ही बाजूंना दोन रक्षक पेशी. उजेड लागला की त्या पोटॅशियम आत ओढून घेतात, त्यामागोमाग पाणी आत शिरतं, पेशी फुगतात, बाकदार होतात आणि मधे फट पडते. पाण्याची टंचाई झाली की झाड एक संप्रेरक धाडतं, पोटॅशियम बाहेर जातं, पेशी सैल पडतात, फट मिटते.

मामा: एवढ्याशा फटींतून सगळ्या झाडाचं पोट भरतं?

भाची: हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वी लोकांना पडलाच होता. सगळी रंध्रं उघडली तरी ती पानाच्या पृष्ठभागाच्या जेमतेम एक-दोन टक्के भरतात. लंडनजवळच्या क्यू इथे ब्राउन आणि एस्कोम्ब या दोघांनी १९०० मध्ये त्याचा उलगडा केला. बारीक भोकातून वायू किती जाईल हे भोकाच्या क्षेत्रफळावर ठरत नाही, व्यासावर ठरतं. म्हणजे एका मोठ्या भोकापेक्षा तेवढ्याच क्षेत्रफळाची हजारो बारीक भोकं कितीतरी जास्त वायू सोडतात. खरी अडचण पुढेच आहे. दार उघडलं की आत येणाऱ्यांबरोबर बाहेर जाणारेही असतात.

मामा: एसटीचं दार उघडल्यासारखं.

भाची: हो, पण कसली एसटी ते ऐका. कार्बन डायऑक्साइडचा एक प्रवासी आत चढेपर्यंत पाण्याचे काहीशे उतरून गेलेले असतात.

मामा: हे कुठलं आगार गं? डेपो मॅनेजरला नोटीस निघेल.

भाची: झाडाला दुसरा पर्याय नाही. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड दहा हजार भागांत फक्त सव्वाचार भाग. पानाच्या आतली हवा मात्र वाफेने गच्च. तीस अंश तापमानाला दहा हजारांत चारशेच्या वर. एवढ्या मोठ्या ढिगाला बाहेर कोरड्या हवेत पडायचं असतं आणि एवढ्याशा चिमटीला आत यायचं असतं. मुळांनी ओढलेल्या पाण्यातलं सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव टक्के पाणी असंच वाफ होऊन निघून जातं. म्हणून म्हणते, झाड ऑक्सिजन दान करत नाही. ते पाणी मोजून कार्बन विकत घेतं. ऑक्सिजन हा त्या कारखान्यातला उरलासुरला माल.

मामा: उरलासुरला असो, मला मिळतो ना? मग पाटीत खोटं काय?

भाची: कारण तो तुमच्या अंगणात पुण्यापेक्षा जास्त नाही. हवेत ऑक्सिजन २०.९५ टक्के. कर्वे रस्त्यावर तेवढाच आणि ताम्हिणीतही तेवढाच. हवेतला साठा इतका अफाट आहे की जगातली सगळी झाडं जाळली तरी तो आकडा टक्क्याच्या काही शतांशांनीच हलेल.

मामा: मग पुण्याची माणसं गाडीतून उतरल्या उतरल्या छाती भरून श्वास घेतात, ती काय नाटकं करतात?

भाची: नाही. इथे धूळ कमी आहे, धूर कमी आहे, हवा गार आहे. गाडीच्या धुरातला नायट्रोजन डायऑक्साइड पानं त्याच रंध्रांतून थोडाफार शोषून घेतात, धूळ पानांवर बसते. छाती मोकळी होते ती खरीच होते. कारण तेवढं चुकीचं सांगितलं जातं.

इथे मामांनी चहा मागवला. वाद संपला असं मला वाटलं होतं, पण चहा येईपर्यंत ते काही तरी जुळवत होते.

मामा: आता माझं ऐक. आमच्या देवराईतली एक काडी कोणी उचलत नाही. का? देव कोपेल म्हणून. देव खरंच कोपतो का ते कोणी तपासलं नाही, पण राई राहिली. माधव गाडगीळ आणि वर्तक ऐंशी सालाच्या आधी याच भीतीमागे राहिलेल्या राया मोजत सह्याद्रीभर हिंडले ना? आता नव्या पोरांना देवाची भीती उरली नाही. पण २०२१ मध्ये सिलिंडरसाठी रांगा लावल्यापासून ऑक्सिजनची भीती बसली आहे. त्या भीतीने डोंगरावरची चार झाडं वाचत असतील, तर कारण खरं की खोटं याने काय बिघडतं?

भाची: सगळं बिघडतं. ऑक्सिजनच्याच हिशेबाने बघा. झाडाचा ऑक्सिजन शिल्लक कधी पडतो? जितकं नवं लाकूड वाढतं तितकाच. पान गळून कुजलं, फांदी वाळवीने खाल्ली, की त्याच पानाने सोडलेला ऑक्सिजन परत वापरला गेला. तुम्ही ऐनाच्या फांद्या तोडून राब भाजता, त्या घटकाभरात फांदीचा सगळा ऑक्सिजन माघारी जातो.

मामा: राबाला नावं ठेवू नकोस.

भाची: ठेवत नाही, हिशेब सांगते. आता जुनी देवराई घ्या. तिथे जेवढं वाढतं जवळजवळ तेवढंच कुजतं. शिल्लक ऑक्सिजन नाहीच्या बरोबर. उलट निलगिरी किंवा सुबाभूळ लावा, पाच-सात वर्षं झपाट्याने वाढेल, ऑक्सिजन शिल्लक पडेल. तुमच्या पाटीवर ज्याचा विश्वास आहे तो बिल्डर उद्या येऊन म्हणेल, ही अंजन-जांभळाची जुनी राई कमी ऑक्सिजन देते, मी ती काढतो आणि तिप्पट रोपं लावतो. त्याला तुम्ही काय उत्तर देणार? हिशेब तुम्हीच त्याच्या हातात दिलेला असेल.

मामा काही बोलले नाहीत. मलाही हा मुद्दा नवा होता. एका झाडाच्या बदल्यात पाच झाडं लावू, या सरकारी वचनाच्या तळाशी हीच समजूत असते की पान म्हणजे पान, कुठलंही, कुठेही. अंजनाचं जाड, चिवट पान वर्षानुवर्षं टिकतं, उन्हाळ्यात दुपारी रंध्रं मिटून तग धरतं. सावर आणि साग उन्हाळा सोसतच नाहीत, पानंच टाकून देतात. कुसुम भर चैत्रात, पावसाला दोन महिने असताना लालबुंद पालवी काढतो, कारण त्याची मुळं खोल ओलीपर्यंत पोचलेली असतात. आणि आंब्यावरचं बांडगूळ पाणी स्वतः शोधत नसल्यामुळे यजमानापेक्षा रंध्रं जास्त उघडी ठेवून त्याचं पाणी ओढतं. एका डोंगराच्या उतारावर पाणी खर्चण्याच्या इतक्या रीती एकत्र नांदतात. रोपांच्या संख्येत त्यांची भरपाई होत नाही.

मामा: मग पानाचं खरं देणं काय, ते तरी सांग.

भाची: ज्याला आपण नुकसान म्हटलं तेच. वाफ. एक लिटर पाणी पानातून वाफ होऊन जातं तेव्हा आसपासची ०.६८ युनिट उष्णता घेऊन जातं. मोठं झाड, पायाशी ओल असेल तर, कडक उन्हाच्या दिवशी शंभर लिटरही सोडतं. म्हणजे जवळजवळ सत्तर युनिट. आणि मामा, तेच एक लिटर पाणी समोरच्या धरणातून भिऱ्याच्या वीजघरात पडतं, तेव्हा त्याचं काय होतं? उतार सुमारे पाचशे मीटरचा. जास्तीत जास्त ०.००१४ युनिट वीज.

मामा: म्हणजे?

भाची: म्हणजे लिटरमागे पान पाचशे पट ऊर्जा हलवतं.

मामा: ऊर्जा हलवत असेल, पण दिवा लागतो का तिच्यावर? १९२१ साली सेनापती बापटांबरोबर आमची माणसं तुरुंगात गेली ती या धरणापायी. गावं बुडाली, १९२७ मध्ये भिरा सुरू झालं आणि मुंबईच्या गिरण्या चालल्या. पानाच्या वाफेसाठी कोणी गाव बुडवलं नाही, आणि पानाच्या वाफेने गिरणीही चालली नाही.

भाची: दिवा लागत नाही, मान्य. पण जिथे पानं गेली तिथे तेवढीच उष्णता हवेत राहते आणि मग ती काढायला एसी लावावा लागतो. त्याचं बिल येतं.

(या तुलनेवर एखादा अभियंता नाक मुरडेल. पडणाऱ्या पाण्याची ऊर्जा जवळपास पूर्ण विजेत बदलता येते, वाफेने नेलेली उष्णता तशी परत मिळत नाही. हरकत खरी आहे. तरीही मुळशीच्या पाण्याचा हिशेब आजवर फक्त भिऱ्याच्या टर्बाइनवर मांडला गेला, उतारावरच्या पानांचा कोणी मांडलाच नाही, म्हणून मला तो आकडा इथे ठेवावासा वाटला.)

मामा: वाफ वाफ म्हणतेस, पण आत्ता बघ. पंधरा दिवस उघडीप नाही. ताम्हिणीला वर्षाला सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. हवाच ओली, तर पान वाफ सोडणार कुठे?

भाची: सोडतच नाही फारसं. व्यवहार अगदी स्वस्तात होतो या दिवसांत, पाणी जवळजवळ फुकट. पण ऊन नाही, म्हणून कार्बन घेऊनही कारखाना मंद चालतो.

मामा: म्हणून गणपतीत ऊन पडलं नाही की भात पोचट निघतं.

भाची: बरोबर तेच. दाणा भरताना सगळी भिस्त वरच्या दोन-तीन पानांवर असते.

मामा: आणि पानं अशी चिंब असताना भोकं बुजत नाहीत? झाड गुदमरायला पाहिजे.

भाची: चांगला प्रश्न. पाण्यातून कार्बन डायऑक्साइड हवेच्या मानाने दहा हजार पट सावकाश सरकतो. रंध्रावर पाण्याचा पातळ थर बसला तरी उपासमार. म्हणून आंबा, जांभूळ, अंजन यांची रंध्रं खालच्या बाजूला, जिथे पाऊस थेट पडत नाही. पिंपळाच्या पानाचं लांब टोक पाणी निथळायला उपयोगी पडतं. पण भाताची गोष्ट निराळी. त्याच्या पात्याला दोन्ही अंगांनी रंध्रं आहेत.

मामा: भाताचं पातं भिजतच नाही. थेंब टरकन घरंगळतो. आणि एक सांगतो. ओढ्याकाठचं खालचं खाचर दर दोन-चार वर्षांनी बुडतं. वाकून बघितलं तर पाण्याखाली पाती चांदीची दिसतात, वर काढली की हिरवी. आणि तीन-चार दिवसांत पाणी उतरलं तर भात पुन्हा उभं राहतं. शेजारचं तण मात्र सडून जातं.

भाची आता खुर्चीत पुढे सरकली. माझ्या मते त्या दुपारचा हा सगळ्यात चांगला क्षण होता, कारण मामा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं सांगत होते आणि ती ऐकत होती.

भाची: ती चांदी म्हणजे हवा. पात्यावर मेणाची इतकी बारीक नक्षी असते की बुडताना हवेचा एक पापुद्रा पात्याला चिकटून खाली जातो. दिवसा त्या पापुद्र्यातून पाण्यातला कार्बन डायऑक्साइड आत येतो, रात्री ऑक्सिजन. १९८३ मध्ये अमेरिकेत रास्किन आणि केंडे यांनी खोल पाण्यातल्या भातावर हे दाखवलं. पुढे इतरांनी पात्यावरचा पापुद्रा साबणासारख्या द्रवाने घालवून पाहिला, तर पाण्याखालचं प्रकाशसंश्लेषण एकदम घसरलं.

मामा: ओढ्यावर धुणी धुतात तिथलं खाचर आधी सडतं, ते यामुळे?

भाची: असेल, नसेलही. तिथे पाणीही जास्त दिवस साठत असेल. शेजारची दोन खाचरं घेऊन बघितल्याशिवाय मी हो म्हणणार नाही.

मामा: बघ, तुम्ही शिकलेले लोक कधी सरळ हो म्हणत नाही.

भाची: आणखी एक ऐका, हे तुम्हाला आवडणार नाही. चिखलात ऑक्सिजन नसतो. मग भाताची मुळं जगतात कशी? पात्यापासून मुळापर्यंत पोकळ नळ्या असतात, त्यांतून हवा खाली जाते. पण नळी दुतर्फा चालते. साठलेल्या पाण्याखालच्या चिखलात जिवाणू मिथेन तयार करतात आणि तो याच नळ्यांतून वर येऊन पात्याच्या तळाकडच्या आवरणातून हवेत सुटतो. खाचरातून येणाऱ्या मिथेनपैकी बहुतेक सगळा रोपातूनच येतो. बुडबुड्यांवाटे थोडा.

मामा: त्याने काय होतं?

भाची: तापमान वाढतं. कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी जोरात. माणसाच्या उद्योगांतून जगात जेवढा मिथेन सुटतो, त्यातला आठ-दहा टक्के भातशेतीचा.

मामा: वा! म्हणजे हिंजवडीच्या गाड्या सोडून आता आमचा आंबेमोहर गुन्हेगार?

भाची: गुन्हेगार कोण म्हणतंय? तुमच्या आंबेमोहराच्या शेतातून जाताना वास येतो ना, तोही पानाने हवेत सोडलेला वायूच आहे. पान चांगलं-वाईट ठरवून वायू सोडत नाही. ऑक्सिजन, वाफ, वास, मिथेन, सगळं त्याच्या देवाणघेवाणीत येतं. आणि हवेत कार्बन डायऑक्साइड वाढला की पान आपला हिशेबही बदलतं. वुडवर्डने १९८७ मध्ये दोनशे वर्षं जपून ठेवलेली वाळकी पानं तपासली, तर रंध्रांची संख्या चाळीस टक्क्यांनी घटलेली निघाली. पुण्यात कोरेगाव रस्त्यावर भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचा असाच वाळक्या झाडांचा संग्रह आहे, १९५५ पासूनचं केंद्र आहे ते. सह्याद्रीतल्या पानांचा हा प्रश्न तिथे विचारता येईल.

मामा: ते तू विचार. माझ्या खाचराचं काय करायचं ते सांग.

भाची: मिथेन कमी करायचा एक साधा उपाय आहे. पाणी सतत तुंबवायचं नाही. मधे सोडून द्यायचं, चिखलाला भेगा पडू लागतील इतपत सुकू द्यायचं, मग पुन्हा भरायचं. चिखलात हवा शिरली की ते जिवाणू थंड पडतात.

मामा: मुळशीत? श्रावणात? वरच्या खाचराचं पाणी खालच्यात, खालच्याचं ओढ्यात. इथे पाणी धरून ठेवणं आपल्या हातात नाही, सोडणंही नाही. पंजाबात मोटारीने पाणी देतात, तिथलं शास्त्र तू इथे सांगतेस.

भाची: भाद्रपदात उघडीप मिळते की.

मामा: मिळते. पण तेव्हा पाणी काढलं की पहिलं तण वर येतं. पाणी हेच आमचं तणनाशक. तुझा मिथेन वाचेल आणि माझी बेणणी दुप्पट होईल.

भाची: एका खाचरात तरी बघा. शेजारचं नेहमीसारखं ठेवा.

मामा: बघतो. ओढ्याकडचं देतो, ते तसंही भरवशाचं नाही. पण तण माजलं तर बेणायला तू यायचं. एकटी नाही, वर्गातली पोरंही घेऊन. राहायची सोय आहे, जेवण आमच्याकडे, मजुरी मिळणार नाही.

भाची: मजुरी नको, पाणी काढल्याची तारीख लिहून ठेवा.

मामा: वाहक होतो मी. तारीख, वेळ आणि किती उतरले, तिन्ही लिहीन.